मलमलीच्या सुतामागे लागलेला विणकर : सॅम्युअल क्रॉम्प्टन

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कुठल्याही विणकर मोहल्ल्यात जा. सुताचा विषय निघाला की नंबर निघतोच. चाळीसचे सूत, साठचे सूत, ऐंशीचे सूत. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक, एवढे तर लहान पोरांनाही ठाऊक असते. पण हा नंबर येतो कुठून? एक पौंड सुतात, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये, ८४० यार्डांच्या किती लडी निघतात, तोच त्या सुताचा नंबर. ऐंशीचे सूत म्हणजे ८० लडी, म्हणजे ६७,२०० यार्ड. किलोमीटरमध्ये सांगायचे तर एकसष्टच्याही वर. अर्धा किलोपेक्षा कमी कापसातून एकसष्ट किलोमीटर धागा! मालेगावहून मनमाडला पोचण्याइतका तरी खचित.

हा हिशेब आपल्याकडे इंग्लंडातल्या लँकेशायरमधून आला, गिरण्यांच्या यंत्रांबरोबर. आणि त्याच लँकेशायरात बोल्टन नावाच्या गावाजवळ एक गरीब विणकर राहत होता, ज्याने ऐंशी नंबरचे सूत यंत्रावर काढून दाखवले. शाळेत औद्योगिक क्रांतीचा धडा शिकवताना आम्ही त्याचे नाव घेतो. जॉन के याचा धावता धोटा, हारग्रीव्ह्जची जेनी, आर्कराइटची वॉटर फ्रेम, क्रॉम्प्टनचे म्यूल, कार्टराइटचा यंत्रमाग. जोड्या लावा, एक गुण. मुले पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. त्या एका गुणामागे एका माणसाची अख्खी जिंदगी आहे, ती आज सांगायची आहे.

सॅम्युअल क्रॉम्प्टनचा जन्म ३ डिसेंबर १७५३ रोजी बोल्टनजवळच्या फरवूड फोल्ड या वस्तीत झाला. वडील जॉर्ज थोडी शेती करायचे आणि घरात माग चालवायचे. त्या काळात त्या भागात हे सर्रास होते. एका खोलीत माग, बाहेर गाय, बायका सूत कातणार, पुरुष विणणार. आपल्याकडच्या विणकर घरांपेक्षा फार वेगळे चित्र नव्हते. पुढे हे कुटुंब जवळच्याच हॉल-इ-थ-वूड नावाच्या जुन्या मोठ्या घरात राहायला गेले. नावाचा अर्थ रानातली हवेली. पण नावावर जाऊ नका, हवेलीचे वैभव केव्हाच संपले होते आणि क्रॉम्प्टन मंडळी तिच्या एका भागात भाड्याने राहत होती. तिथे गेल्यावर थोड्याच दिवसांत वडील वारले. सॅम्युअल तेव्हा पाच वर्षांचा होता.

मागे राहिली आई बेटी, दोन बहिणी आणि एक पायाने अधू असलेला काका. आई मोठी कर्तबगार बाई. लोणी काढायची, मधमाश्या पाळायची, कापूस कातायची आणि मुलाला शिस्तीत ठेवायची. शिस्त म्हणजे किती? रोज ठरलेले सूत काततल्याशिवाय आणि ठरलेले कापड विणल्याशिवाय सॅम्युअलची सुटका नव्हती. कमी पडले तर बोलणी. तरीही तिने त्याला शाळेत पाठवले, हे विशेष. गणित त्याला चांगले यायचे, हाताला सुतारकाम यायचे, आणि संगीताचे वेड असे की स्वतःचे व्हायोलिन त्याने स्वतःच बनवले. बाकी मुलगा अबोल, लाजाळू. चारचौघांत मिसळणे त्याला कधी जमले नाही. पुढे त्याचे जे नुकसान झाले त्यात या स्वभावाचाही वाटा आहे, असे आम्हाला वाटते.

सोळाव्या वर्षी तो जेनीवर सूत काढू लागला. हारग्रीव्ह्जची जेनी तेव्हा नवी होती. चरख्याला एक चाती असते, सॅम्युअलच्या जेनीला आठ होत्या. एका हाताने चाक फिरवले की एकाच वेळी आठ धागे निघायचे. ऐकायला छान, पण धागा कच्चा. सारखा तुटायचा. दिवसाचा अर्धा वेळ तुटलेली टोके जोडण्यात जायचा, आणि संध्याकाळी आईचा हिशेब ठरलेला. दुसरीकडे रिचर्ड आर्कराइट नावाच्या एका हुशार माणसाने, जो मूळचा न्हावी आणि केसांचे टोप बनवणारा होता, रूळांचे यंत्र काढले होते. त्यात कापसाची पेळू एकामागून एक वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या रूळांतून ओढली जायची आणि घट्ट सूत तयार व्हायचे. मजबूत, ताण्याला चांगले, पण जाडे. बारीक काढायला गेले की ते यंत्र हात टेकायचे.

मग बारीक सूत कुठून यायचे? आपल्याकडून. ढाक्याची मलमल तेव्हा जगात नावाजलेली होती. मुघल दरबारात तिच्या एकेका वाणाला नावे होती, शबनम म्हणजे दवबिंदू, आब-ए-रवाँ म्हणजे वाहते पाणी. ढाक्याच्या बायका पहाटे आणि सांजवेळी, हवेत ओलावा असताना, बोटांच्या चिमटीतून ते सूत काढायच्या. कोरड्या हवेत ते टिकायचेच नाही. अशा सुताशी बरोबरी करणारे यंत्र युरोपात कुठेही नव्हते. इंग्लंडच्या लोकर आणि रेशीमवाल्यांनी हिंदी कापडाचा इतका धसका घेतला होता की १७२१ मध्ये कायदा करून बहुतेक सुती छापील कापड वापरण्यावरच बंदी घातली गेली. मलमल त्यातून सुटली होती. ही बंदी इंग्लंडात विणलेल्या निव्वळ सुती कापडापुरती १७७४ मध्ये उठली, आणि आता आपणच बारीक सुती कापड विणावे अशी लँकेशायरची धडपड सुरू झाली. सूत मात्र नव्हते.

नेमक्या त्याच सुमारास, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्रॉम्प्टन एका नव्या यंत्राच्या मागे लागला. पाच वर्षे लागली. दिवसा आईचा ठरलेला कोटा, रात्री यंत्र. लाकूड, खिळे, हत्यारे यांना पैसा हवा, तो मिळवायला हा पठ्ठ्या बोल्टनच्या नाटकगृहात व्हायोलिन वाजवायला जायचा, रात्रीचे दीड शिलिंग मिळायचे. परत येऊन मेणबत्ती लावायची आणि ठोकाठोक सुरू. त्या जुन्या वाड्यात अपरात्री दिवे दिसतात, आवाज येतात, तेव्हा तिथे भूत असणार, अशी शेजाऱ्यांची खात्री झाली होती म्हणे.

१७७९ मध्ये यंत्र उभे राहिले. कल्पना काय होती ते थोडक्यात सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. क्रॉम्प्टनने आर्कराइटसारखे रूळ घेतले आणि जेनीसारखा पुढेमागे सरकणारा भाग घेतला. पण चात्या त्याने चाकांच्या गाड्यावर बसवल्या. रूळांतून पेळू बाहेर येऊ लागली की गाडा हळूहळू मागे सरकायचा, साधारण दीड मीटर. सरकताना चात्या फिरत असायच्या, म्हणजे धागा ओढलाही जायचा आणि त्याला पीळही बसायचा, दोन्ही एकदम. जिथे धागा जाड राहिला असेल तिथे पीळ कमी बसतो, म्हणून तो भाग आणखी ताणला जातो आणि बारीक होतो. म्हणजे धागा स्वतःच स्वतःला सारखा करत जातो. मग गाडा पुढे यायचा आणि तयार झालेले सूत चातीवर गुंडाळले जायचे. कातणाऱ्या बाईचा हात पेळू धरून मागे जातो आणि पुन्हा पुढे येतो, ते बघितले असेल तर लक्षात येईल, क्रॉम्प्टनने लाकूड आणि लोखंडाने तोच हात बनवला होता. एक नव्हे, अठ्ठेचाळीस हात, कारण पहिल्या यंत्राला ४८ चात्या होत्या.

घोडा आणि गाढव यांच्या संकरातून खेचर होते, तसे जेनी आणि रूळयंत्र यांच्या संकरातून झालेले म्हणून लोक त्याला म्यूल, म्हणजे खेचर, म्हणू लागले. पण सुरुवातीचे त्याचे एक नाव वेगळे होते, मलमलीचे चाक. कशाशी बरोबरी करायची होती ते या नावातच दिसते.

यंत्र तयार झाले आणि त्याच वर्षी लँकेशायरात दंगे उसळले. कातणारे आणि विणणारे मजूर टोळ्यांनी फिरू लागले, मोठ्या जेन्या आणि कातण्याची यंत्रे फोडू लागले. चॉर्लीजवळची आर्कराइटची गिरणीही त्यांनी सोडली नाही. या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ज्याच्या घरची चूल एका चरख्यावर चालते त्याला वीस चात्यांचे यंत्र कसे दिसत असेल याचाही विचार केला पाहिजे. क्रॉम्प्टनने आपले यंत्र सुटे केले आणि तुकडे माळ्यावर लपवून ठेवले. दंगे शमल्यावर पुन्हा जोडले.

फेब्रुवारी १७८० मध्ये त्याचे मेरी पिमलॉटशी लग्न झाले. मेरी स्वतः उत्तम सूत कातणारी. नवरा-बायको दोघे त्या वाड्यात गुपचूप काम करू लागले आणि बाजारात असे सूत आले की व्यापारी चक्रावले. चाळीस नंबरला त्याला पौंडामागे १४ शिलिंग मिळाले, साठला २५, आणि थोडे ऐंशीचे काढून बघितले त्याला तब्बल ४२. तरुण जोडप्याला वाटले असेल, आता दिवस फिरले.

फिरले, पण उलटे. असले सूत एका विणकराच्या घरातून येते म्हटल्यावर वाड्याभोवती माणसांची रीघ लागली. कुणी सूत घ्यायच्या निमित्ताने, कुणी नुसतेच. खिडकीला शिडी लावून आत डोकावणारेही होते. एक जण तर माळ्यावर लपून, भोक पाडून यंत्र बघत बसला होता, असे सांगतात. क्रॉम्प्टनला धड काम करता येईना. पेटंट घ्यावे तर त्याला पैसा नाही, आणि रूळांचा हक्क आर्कराइटकडे, म्हणजे कोर्टकज्जाची भीती वेगळीच. त्याच्यापुढे दोनच रस्ते उरले, यंत्र मोडून टाकायचे किंवा सगळ्यांना देऊन टाकायचे. पाच वर्षांची मेहनत मोडायला हात धजावला नाही.

गावातल्या कारखानदारांनी तोडगा काढला. यंत्र खुले कर, आम्ही सगळे मिळून वर्गणी देतो. कागद झाला, सह्या झाल्या. कुणी एक गिनी लिहिली, कुणी अर्धी. क्रॉम्प्टनने यंत्र त्यांच्या हवाली केले. वर्गणी जमली किती? सत्तर पौंडांच्याही आत. सही करणाऱ्यांपैकी काहींनी यंत्र बघून झाल्यावर पैसे द्यायला नकार दिला, वर त्यालाच चार शब्द सुनावले. आलेल्या पैशातून त्याला एक नवे यंत्र तेवढे बांधता आले, ज्याला आधीच्यापेक्षा फक्त चार चात्या जास्त होत्या. ज्यांनी त्या कागदावर सही करून हात वर केले त्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत, आणि तेच ठीक आहे.

आता आर्कराइटकडे बघा. त्याच धंद्यात, त्याच वर्षांत, त्याने गिरण्या उभ्या केल्या, १७८६ मध्ये सर हा किताब मिळवला आणि १७९२ मध्ये मरताना पाच लाख पौंडांच्या घरातली दौलत मागे ठेवली. त्याचे पेटंट तर पुढे कोर्टाने रद्दही केले होते, तरी त्याचे काही अडले नाही. कारण यंत्र बनवणे हे एक हुनर आणि त्यातून पैसा बनवणे हे दुसरेच हुनर. क्रॉम्प्टनला पहिले पुरेपूर होते, दुसरे अजिबात नाही. त्याला संधी आली नाही असेही नाही. रॉबर्ट पील नावाचे त्या काळचे बडे गिरणीमालक, ज्यांचा मुलगा पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला, त्यांनी त्याला आपल्याकडे नोकरी आणि पुढे भागीदारीही देऊ केली होती. क्रॉम्प्टनने नाही म्हटले. एकदा फसलेला माणूस सगळ्यांवरच संशय घेतो, तसे त्याचे झाले होते. याला स्वाभिमान म्हणा की हट्ट, घरच्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली.

मधल्या काळात तो बोल्टनच्या उत्तरेला ओल्डहॅम्स नावाच्या एका शेतावर राहायला गेला. तिथल्या दिवसांची एक आठवण त्याच्या मोठ्या मुलाने, जॉर्जने, सांगून ठेवली आहे. हा मुलगा नुकता चालायला लागला होता. आई कापूस झोडून साबणाच्या पाण्यात एका खोल भांड्यात घालायची, पोराचे कपडे कमरेपर्यंत वर खोचायची आणि त्याला भांड्यात उभे करायची, तुडव म्हणून. बाळ कापूस तुडवतेय, आई वरून आणखी घालतेय, बाप बाजूला यंत्रावर. ज्याच्या यंत्राने गिरण्या कोट्यधीश होत होत्या त्याच्या घरचे हे चित्र! क्रॉम्प्टन चांगले कारागीर शिकवून तयार करायचा आणि ते तयार झाले की दुसरे मालक जास्त पगार देऊन त्यांना पळवायचे. शेवटी तो आणि घरचेच उरायचे. १७९१ मध्ये तो बोल्टन गावातल्या किंग स्ट्रीटवर आला. १७९६ मध्ये मेरी वारली.

आणि त्याचे खेचर? ते चौखूर उधळले होते. १७९० मध्ये स्कॉटलंडात विल्यम केली याने ते पाण्याच्या जोरावर चालवून दाखवले, मग वाफेचे इंजिन जोडले गेले. चात्या ४८ वरून शेकड्यांत गेल्या. घराच्या खोलीत मावणारे यंत्र आता चार-पाच मजली इमारतीत गेले आणि त्याच्यामागे माणसेही गेली. मँचेस्टर १८०१ मध्ये सत्तर हजारांचे गाव होते, तीस वर्षांत दुप्पट झाले. कातणे हे शतकानुशतके बायकांचे काम. ते आता जड गाडा ढकलणाऱ्या पुरुषांचे झाले. बायका-मुले मदतनीस झाली. तुटलेले धागे जोडायला लहान मुले, कारण त्यांची बोटे बारीक. गाडा मागेपुढे होत असताना त्याच्या खाली सरपटत जाऊन कापसाचा कचरा काढायलाही लहानच मुले, कारण मोठा माणूस तिथे मावत नाही. बारीक सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद, हवा गरम आणि दमट. ढाक्याच्या पहाटेचा ओलावा लँकेशायरने असा कोंडून तयार केला. बारा-बारा तास त्या हवेत मुले उभी. यावर पहिले कायदे, १८०२ आणि १८१९ चे, आणले ते त्याच रॉबर्ट पील यांनी, जे स्वतः गिरणीमालक होते. १८१९ च्या कायद्याने सूतगिरणीत नऊ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, पण बघायला निरीक्षकच नव्हते. ते आले १८३३ च्या कायद्याने.

विणकरांचे काय झाले, तेही सांगायला हवे, कारण इथे गोष्ट सरळ नाही. स्वस्त आणि बारीक सूत भरपूर मिळू लागल्यावर सुरुवातीला बोल्टनच्या हातमागवाल्यांची चांदी झाली. टोपीला पाच पौंडांची नोट खोचून रस्त्यात मिरवणारे विणकर होते, असे सांगतात. आपल्या यंत्रमागाच्या गावांतही तेजीचे असे दिवस जुन्या लोकांनी बघितले आहेत. पण सूत वाढले तसे विणणारेही वाढले, मजुरी घसरू लागली, मग कार्टराइटच्या कल्पनेतले यंत्रमाग सुधारून गिरण्यांत आले. आठवड्याला पंचवीस शिलिंग मिळवणारा बोल्टनचा विणकर १८३० च्या आसपास दहाच्याही खाली आला होता. आणि गिरण्यांचे हे सगळे पोट भरायला जो कापूस लागत होता त्याचा मोठा हिस्सा अमेरिकेतल्या गुलामांच्या शेतांवरून येत होता, जिथे १७९३ च्या सरकी काढायच्या यंत्रानंतर लागवड अफाट वाढली.

आपल्याकडे या सुताने काय केले? सर्वसाधारणपणे सांगितले जाते की इंग्रजांच्या कापडाने हिंदुस्थानी विणकर मेला. अर्धे खरे आहे. मागाच्या आधी चरखा बंद पडला. विणकर पुष्कळ ठिकाणी तगून राहिला, कारण गिरणीचे तेच स्वस्त सूत घेऊन तो हातमागावर लुगडी, पागोटी, लुंग्या विणत राहिला. पण घरोघरी कातणाऱ्या बायका, त्यात विधवा फार, त्यांच्या हातचे काम गेले ते कायमचे. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. एक अपवाद आहे. बंगालमध्ये समाचार दर्पण नावाचे वर्तमानपत्र होते, त्यात जानेवारी १८२८ मध्ये शांतिपूरच्या एका कातणारीचे पत्र छापून आले. तरुणपणी नवरा गेला, पदरात मुली, चरख्यावर सूत कातून तिने घर चालवले, मुलींची लग्ने केली. विणकर दारात येऊन सूत घेऊन जायचे. आता कुणी येत नाही, भावही मिळत नाही, विचारले तर कळले की विलायती सूत आले आहे. ते तिने हातात घेऊन बघितले आणि आपल्यापेक्षा बारीक असल्याचे कबूल केले. पुढे तिने जे लिहिले ते वाचून आम्ही थांबलोच. तिला वाटले की इतके कष्टाचे सूत इतक्या स्वस्तात इतक्या दूर पाठवणाऱ्या तिकडच्या कातणारणी आपल्याहूनही गरीब असल्या पाहिजेत. तिकडे माणसाऐवजी यंत्र कातते हे तिच्या गावीही नव्हते.

मोमीन, अन्सारी विणकरांची कितीतरी कुटुंबे १८५७ नंतर उत्तरेतून निघून खानदेश-नाशिककडे, भिवंडीकडे आणि मुंबईत मदनपुऱ्याकडे आली, ती मागाचे हुनर घेऊन. मागावर चढले ते मात्र गिरणीचेच सूत. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि लँकेशायरची यंत्रे जहाजांनी इकडे येऊ लागली. त्यांत म्यूलही होते. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी पुढे म्यूलऐवजी नवी रिंग यंत्रे वापरून बघितली आणि हळूहळू सगळीकडे त्यांचेच राज्य झाले.

क्रॉम्प्टनकडे परत येऊ. १८११ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याने एक काम केले जे त्याच्या स्वभावाला धरूनच होते. भीक मागायची नाही, आकडे दाखवायचे. बोल्टनच्या आसपास साठ मैलांत तो फिरला, सुमारे साडेसहाशे गिरण्या बघितल्या आणि चात्या मोजल्या. जेनीच्या चात्या दीड लाखाच्या आसपास निघाल्या, आर्कराइटच्या यंत्राच्या तीन लाखांवर, आणि त्याच्या म्यूलच्या सेहेचाळीस लाख. हा हिशेब घेऊन तो लंडनला पार्लमेंटकडे गेला. दोनच वर्षांपूर्वी यंत्रमागासाठी कार्टराइटला पार्लमेंटने १०,००० पौंड दिले होते, तेव्हा आशा धरायला जागा होती.

११ मे १८१२ ची संध्याकाळ. क्रॉम्प्टन पार्लमेंटच्या लॉबीत पील यांच्याशी बोलत उभा होता. पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल तिकडे आले. क्रॉम्प्टनसाठी मोठी रक्कम, वीस हजार पौंड, सुचवायचा त्यांचा विचार होता असे सांगतात. आपल्याविषयी बोलणे चालू असताना तिथे उभे राहणे बरे नव्हे म्हणून क्रॉम्प्टन संकोचाने बाजूला झाला. तेवढ्यात गोळीचा आवाज झाला. सरकारवर राग धरून बसलेल्या जॉन बेलिंगहॅम नावाच्या व्यापाऱ्याने पर्सिव्हल यांना गोळी घातली होती. इंग्लंडच्या इतिहासात खून झालेला हा एकमेव पंतप्रधान, आणि तो नेमका त्या दिवशी. नव्या सरकारपुढे प्रस्ताव गेला तेव्हा रक्कम ठरली ५,००० पौंड.

त्या पैशात त्याने मुलांबरोबर डार्वेन इथे कापड धुलाईचा धंदा काढला, तो बुडाला. कापूस आणि सुताचा व्यापार करून बघितला, तोही चालला नाही. १८२४ मध्ये काही मित्रांनी त्याला न सांगता वर्गणी केली आणि वर्षाला ६३ पौंड मिळतील अशी सोय करून दिली. या वेळी कुणी सही करून फिरले नाही. पार्लमेंटकडे पुन्हा एकदा अर्ज गेला, पण काही हाती लागले नाही. शेवटची वर्षे त्याने आपल्या चर्चमधल्या गाण्याबजावण्यात काढली. भजनांना चाली लावायचा, लहानसा ऑर्गनही त्याने स्वतः बांधला होता. २६ जून १८२७ रोजी किंग स्ट्रीटवरच्या घरात तो वारला.

त्याच्यामागे पस्तीस वर्षांनी, १८६२ मध्ये, बोल्टनच्या नेल्सन चौकात त्याचा पुतळा बसवला गेला. रानातली ती हवेली पडायला आली होती, ती साबणाचे कारखानदार विल्यम लिव्हर यांनी विकत घेऊन गावाला दिली आणि १९०२ पासून ती संग्रहालय आहे. माळ्यावर लपवलेले ते पहिले यंत्र आज नाही. त्याच्या हातचे एकच म्यूल शिल्लक आहे, ते बोल्टनच्या संग्रहालयात बघायला मिळते.